जीपच्या पोटातलं बेलपान

महादेवावर माझा विश्वास होता, पण तो दूरच्या चुलत्यावर असतो तेवढाच. सणावारी आठवण यायची, एरवी दोघेही आपापल्या घरी सुखी. खरी श्रद्धा होती ती जीपवर. लिलावात घेतलेली, हिरवा रंग उडून जागोजागी पत्रा दाखवणारी ती पेट्रोलची जीप मला देवघरातल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा जागृत वाटे. तिचं मैलांचं मीटर सगळे आकडे संपवून पुन्हा शून्यापासून सुरू झालं होतं आणि तिथूनही बरंच पुढे गेलं होतं. मी संत्र्यांचा व्यापारी. घर नागपुरात, दिवस काटोलच्या बागांमध्ये, आणि दोन्हींच्या मध्ये ही जीप. तिच्या इंजिनाला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नसे. मिस्त्रीकडे नेली तरी पाना माझ्या हातात असायचा आणि मिस्त्री बाकावर बसून चहा प्यायचा.

त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलीला विषमज्वर झाला. डॉक्टर येत होते, जात होते आणि ताप मुक्काम ठोकून बसला होता. एका संध्याकाळी माझ्या मायने पोरीच्या उशाशी हात जोडले आणि चौरागडाच्या महादेवाला त्रिशूळ कबूल केला. पोरगी काही दिवसांत उठून बसली आणि तिने पहिली मागणी लोणच्याची केली. मी श्रेय औषधांना दिलं. मायने लोहाराला त्रिशूळ सांगितला.

आमच्या विदर्भातले लोक शिवरात्रीला पचमढीला जातात, तिथून खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. आमच्या घराण्याचा नियम त्याहून कडक. ज्याने त्रिशूळ उचलला त्यानेच, म्हणजे या वेळी मी, तो गडावर टेकवायचा. वाटेत जमिनीला, झाडाला, भिंतीला किंवा परक्या हाताला तो लागता कामा नये. जीपने न्यायची परवानगी मी मोठा वाद घालून मिळवली. मायने निकाल दिला, "वाहन म्हणजे नंदी. नंदीवर चालते." पण सोबत आपली अटही जोडली. शिवरात्रीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत त्रिशूळ टेकल्याशिवाय ती पाण्याचा थेंब घेणार नव्हती. तिचं हृदय कमजोर झालेलं. उपास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा तिने अगदी शहाण्यासारखी मान हलवली होती.

छिंदवाड्याच्या धर्मशाळेत मुक्काम करून शिवरात्रीच्या सकाळी आम्ही दोघं निघालो. त्रिशूळ जीपच्या बॉनेटवर आडवा बांधलेला, माय माझ्या शेजारी, पदराच्या गाठीत काहीतरी जपून ठेवलेलं. देनवा नदी ओलांडून शेवटचा घाट लागला. रस्त्याच्या कडेने पायी यात्रेकरूंची रांग चालली होती आणि मी हॉर्न वाजवत राजासारखा पुढे जात होतो. अर्ध्या घाटात तापमानाचा काटा उजवीकडे जाऊन आडवा पडला. मागून पांढरी वाफ, पुढून खोकला, आणि जीप थांबली. रेडिएटरचं झाकण उघडायच्या आधीच मला कळलं होतं. हेड गॅस्केट. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्या मध्ये एक पातळ, तांब्याने मढवलेली पट्टी असते. आतली आग आणि बाहेरचं पाणी ती वेगळं ठेवते. ती जळाली की इंजिनाचा संसार मोडला.

"आता त्रिशूळ उतरव," माय म्हणाली.

"जीपवरच राहू दे ना, माय."

"चालते तोवर नंदी, रात्री बसला तरी नंदी. बंद पडली का लोखंड. लोखंड म्हणजे जमीनच."

या कोर्टाच्या वर कोर्ट नव्हतं. मी दोर सोडून त्रिशूळ खांद्यावर घेतला. तो माझ्यापेक्षा उंच आणि एवढा जड की दोन्ही हातांनी धरला तरच तोल राही. म्हणजे पाहा काय झालं. जीप दुरुस्त करू शकणारा त्या घाटातला एकमेव माणूस मी, आणि माझेच हात बांधलेले. बस छतापर्यंत भरून जात होत्या, एकही थांबत नव्हती. मी एकटा चालत गेलो तर माय उन्हात, कोरड्या घशाने एकटी. तिचे ओठ आताच पांढरे पडले होते. आणि ती माझ्याकडे पाहून गालात हसत होती, हे मला अजून आठवतं.

तेवढ्यात रांगेतून एक काटकुळा माणूस बाहेर आला. गळ्यात चक्क माप घ्यायची फीत.

"काहून थांबले, भाऊ? नागपूरचेच दिसता."

"हेड गॅस्केट उडालं."

"मले त्यातलं काही समजत नाही. मी शिंपी आहो, नागपुरातच सदरले दुकान आहे. पण हात रिकामे आहेत. तुम्ही सांगा, मी करतो."

माझ्या तोंडून नकार निघणारच होता. माय मध्ये बोलली, "लावू दे ना त्याले हात. तुही जीप का नवी सून आहे, बॉनेट उघडलं का लाजन?"

रांगेतली माणसं हसली आणि थांबली. मग जे सुरू झालं ते एखाद्या तमाशाच्या फडात शोभलं असतं. मी मधोमध त्रिशूळ धरून उभा, साक्षात शंकराच्या सोंगात, आणि ओरडतोय, "तो नाही, त्याच्या बाजूचा नट. उलटा फिरव, उलटा." शिंप्याने पाना कात्रीसारखा धरला. एक नट त्याने धोतराच्या सोग्यात बांधला, दुसरा गवतात घालवला आणि तो शोधायला चार बायका गुडघ्यांवर बसल्या. तो म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाइकावर एवढं ओरडलो असतो तर माह्यं दुकान बंद पडलं असतं." शेवटी इंजिनाचं डोकं उचललं गेलं आणि गॅस्केट बाहेर आलं. दोन सिलिंडरांच्या मधली अरुंद पट्टी जळून गेली होती, बोटाच्या पेराएवढी.

"संपलं," मी म्हणालो. "आता नवीनच पाहिजे."

शिंप्याने ते उजेडात धरलं. "फाटलंच आहे ना? मग ठिगळ लावू."

"कशाचं? तांबं पाहिजे, तेही पातळ."

मायने पदराची गाठ सोडली. आत तांब्याचं बेलपान होतं, तीन पानांचं, नागपूरच्या इतवारी बाजारातून मुद्दाम घडवून आणलेलं, कागदासारखं पातळ. नातीच्या नावाने गडावर वाहायचं.

"माय, हे महादेवाचं आहे."

"मग त्याचं तो पाहून घेईन. काप."

शिंप्याने पिशवीतून कात्री काढली, बेलपान कपाळाला लावलं आणि विचारलं, "मधलं पान कापू का बाजूचं?" मायने बाजूचं दाखवलं. मी मापं सांगत गेलो, तो जळक्या जागेवर तांबं दुमडत गेला. सांधा बंद करायला लेप हवा होता. एका म्हाताऱ्याने त्रिशूळाला लावायचा शेंदूर आणि तेल पुढे केलं. मिस्त्री लोक तसाच लाल लेप वापरतात, हे मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ते केवळ शुभ म्हणून दिलं होतं. मग नट आवळणं. मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. शिंप्याची ताकद संपली तेव्हा पान्यावर इतरांचे हात आले आणि प्रत्येक आवळण्याला सगळा घाट "हर हर महादेव" म्हणू लागला.

राहिलं पाणी. रेडिएटर कोरडा ठणठणीत आणि जवळपास ना झरा ना विहीर. पाणी होतं ते यात्रेकरूंच्या लोट्यांत, देनवेतून भरून घेतलेलं, अभिषेकाचं. ते मागायला माझी जीभ रेटेना. एक बाई पुढे आली. तिने लोटा मायपुढे धरला, "दोन घोट घे वं माय, तोंड सुकलं तुहं."

"मले नको. तिले पाज," माय जीपकडे बोट करून म्हणाली.

बाईने तो लोटा रेडिएटरमध्ये रिता केला. तिच्या मागे दुसरी. मग रांगच लागली. कोणी झाकणाला हळद लावली, कोणी बॉनेटवर फूल ठेवलं. मी आयुष्यभर ज्या यंत्राला कोणाला शिवू दिलं नाही, त्याला तिथे गावोगावचे लोक ओंजळीने पाणी घालत होते आणि माझ्या खांद्यावर त्रिशूळ होता, म्हणून मला डोळेही पुसता येत नव्हते.

शिंप्यालाच किल्ली फिरवायला सांगितली. जीप दोनदा कण्हली आणि तिसऱ्यांदा बोलू लागली. माय म्हणाली, "बांध त्रिशूळ. नंदी उठला." शिंप्याला मी गाडीत बसायचा आग्रह केला, पण त्याचा पायी जायचा नेम होता. तो फीत सारखी करत रांगेत मिसळला.

पुढे मी हॉर्न वाजवला नाही. मायला गडाच्या पायथ्याशी सावलीत बसवलं आणि पायऱ्या चढलो. कसा चढलो ते सांगता येणार नाही. त्रिशूळ टेकला, उरलेलं दोन पानांचं बेलपान वाहिलं, तेव्हा सूर्य डोंगराच्या कडेला लागून होता. धावत खाली आलो. माय भरलेला लोटा समोर ठेवून बसली होती.

"टेकला?"

"टेकला."

तिने लोटा उचलला आणि सावकाश प्यायली. पाणी पिताना माणूस इतका सुंदर दिसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जीप त्या ठिगळावर नागपूरपर्यंत आली. नवीन गॅस्केट घालताना बेलाचं ते पान निघालं, काळं पडलेलं, पण अखंड. पुढच्या शिवरात्रीला ते मी गडावर नेऊन दिलं, उशीर झाल्याबद्दल माफी मागून.

लोक विचारतात, तो शिंपी कोण होता? नंतर सदरला शोधलं तेव्हा तिथे तसं दुकानच नव्हतं ना? त्यांची निराशा करताना मला मजा वाटते. दुकान आहे. माझ्या पँटी तोच शिवतो आणि दर वेळी एक पाय थोडा लांब ठेवतो. महादेव स्वतः आला असता तर शिलाई जमली असती. पण तो आला नव्हता, असंही मी म्हणत नाही. मला एवढंच कळतं की त्या दिवशी माझे हात मोकळे असते, तर मी कोणाला जवळ येऊ दिलं नसतं. त्याने आधी माझे हात भरले आणि मग मदत पाठवली. आता पँटचा लांब पाय दुमडताना मी रोज त्याला नमस्कार करतो आणि पाना दुसऱ्याच्या हातात देतो.