मामीचं नाव कोण घेणार

माझी मामी नुंगाराई दहा महिने एक शब्द बोलली नव्हती. मामा गेला त्या दिवशी तिनं तोंड मिटलं. ते कधी उघडायचं हे मामाचे भाऊ ठरवणार, आमच्यात विधवेचं असंच असतं. ती हातांनी बोलते. आणि मामी हातांनी इतकं बोलायची की तिच्याशी भांडून मीच दमायचे.

मामाचं नावही मग कुणी घ्यायचं नसतं. दुकानातला एक पोरगा त्याच्याच नावाचा निघाला, तर त्यालाही आम्ही 'कुमांजाई' म्हणायला लागलो. ज्याचं नाव मेलेल्याबरोबर गेलं, त्याला तेच म्हणतात.

मामीला मत द्यायचं होतं. वाळवंटातल्या आमच्या वस्तीत मतपेटी विमानानं येते, लोखंडी शेडखाली टेबल मांडतात आणि बाराला गाशा गुंडाळतात. गेल्या खेपेला मामा मॅच बघायला शेजारच्या वस्तीत गेला आणि त्याचं मत राहिलं. डायलिसिसचं यंत्र इथं आणते म्हणणारी बाई थोडक्यात पडली. पुढं मामाच्याच किडन्या गेल्या. रक्त धुवायला त्याला तीनशे किलोमीटरवर शहरात राहावं लागलं आणि तिथंच, आपल्या मातीपासून लांब, तो गेला. "मी तेव्हा इथं असायला हवं होतं," असं शेवटी शेवटी रोज म्हणायचा. आता नर्सनं मामीलाही तेच दुखणं सांगितलंय, आणि ती बाई परत उभी होती.

"एका मतानं काय यंत्र येणार आहे?" मी आदल्या दिवशी म्हटलं होतं. मामीनं हात झटकून मला उडवून लावलं.

सकाळी नवापासून मी शेडजवळ होते. तिचे हात टेबलवाल्याला कोण समजावून सांगणार, म्हणून. पण विधवेनं पुरुषांच्या घोळक्यात जायचं नसतं. ती लांब झाडाखाली थांबली आणि पुरुषांची रांग काही संपेना. माझा दीर जाकामारा मत देऊन आला नि माझ्यासमोर उभा राहिला.

"काय वहिनी, तू नाही देत? तोंड तर सगळ्यांपेक्षा मोठं."

"तू दिलंस ना? तेवढी अक्कल घरात पुरे," मी म्हटलं.

मामी टेबलापाशी पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते.

"पूर्ण नाव सांगा," टेबलामागचा तरुण म्हणाला. नाक उन्हानं सोललेलं, स्वभावानं बरा असावा.

मामीनं माझ्याकडं पाहिलं. मतदारयादीचा फॉर्म तिच्यासाठी मीच भरला होता, मामा जिवंत असताना. आडनावाच्या जागी मी मामाचं नाव टाकलं होतं, इथं सगळ्याच बायका टाकतात तसं. तिच्या कार्डावरही तेच होतं, म्हणून मामाच्या कपड्यांबरोबर ते कार्डही जाळलं होतं.

"त्या बोलत नसतील तर तुम्ही सांगा," तो म्हणाला.

"मला नाही घेता येत ते नाव."

"का?"

"तो माणूस मेलाय."

"कोण माणूस?"

"ज्याचं नाव हिचं आडनाव आहे तो."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मग पत्ता?"

"लाल छपराचं घर. पण त्या घरात आम्ही वीस जण, त्यात नुंगाराई चौघी."

"बाई, नावाशिवाय मी कागद देऊ शकत नाही. यादी दाखवूही शकत नाही. पुढच्या खेपेला..."

"पुढच्या खेपेला ही असेल का, ते नर्सला विचारा."

तिकडं वैमानिकानं पंखा सुरू केला. सात मिनिटं उरली होती. मला वाटलं, घ्यावं नाव, होऊ दे काय व्हायचं ते. मी तोंड उघडलं. शेडच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी माना वळवल्या आणि मामीनं माझं मनगट करकचून धरलं.

मग तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली. मामी शाळेत गेलेली नाही. पण ती चित्रं काढते, आणि चित्राच्या कापडामागं पूर्ण नावाची सही करायला तिला मामानं शिकवलं होतं. एका कोऱ्या चिठ्ठीवर ती एकेक अक्षर दाबून लिहू लागली. लिहिलेलं नंतर जाळता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. लिहायला तिला तीन मिनिटं लागली. एवढा वेळ मी जन्मात गप्प बसले नव्हते.

त्यानं चिठ्ठी घेतली, यादीत बोट फिरवलं, बोट थांबलं. "सापडलं. तर तुम्ही..."

मामीनं टेबलावरून वाकून त्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

"डोळ्यांनी वाच, बाबा," मी म्हटलं. "तोंडानं नको."

त्यानं मान हलवली. चिठ्ठी घडी करून तिच्याच हातात परत दिली आणि मतपत्रिका पुढं केली. मामी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली, आली, कागद पेटीत टाकला. मी डोळे पुसले, खोटं कशाला बोलू.

मग तिनं हनुवटीनं पेटीकडं दाखवलं आणि माझ्याकडं बोट केलं. तू?

मी पेटीकडं पाहिलं. तो फटीवर चिकटपट्टी लावत होता. "बारा झाले," तो म्हणाला.

"तुझ्यामुळंच राहिलं गं माझं," मी मामीला म्हटलं. नवापासून तिथं उभी होते मी, मत कधीही देता आलं असतं, आणि ती झाडाखालून सगळं बघत होती.

ती वळून चालू लागली. पुढचे नऊ दिवस रोज मी तिच्यासमोर जाऊन बसायचे. मला बघितलं की मामी दोन्ही हात मांडीखाली घ्यायची.