सीटवर बसलेली मोहरी

अकोटहून अकोल्याला येताना एसटीत एक बाई उभी होती. तिच्या सीटवर लुगड्यात गुंडाळलेली मोहरीची वाळलेली झाडं होती.

"मोहरीचं तिकीट काढलं का बाई?" कंडक्टरनं विचारलं.

"माह्या तिकिटावर बसली थे. मी उभी हाय ना!"

मी शेतकी कॉलेजात शिकतो. बिचकतच म्हणालो, "मावशी, नुसते दाणे आणायचे ना."

"दाने सारे सारखेच दिसते, बापू. माह्या माहेरच्या मोहरीले किती फांद्या, कशा भरल्या शेंगा, हे पायल्याबिगर सासरचे हे बियानं पेरू देनार नाही."

प्रत्येक खड्ड्याला ती वाकून दोन्ही हातांनी शेंगा सावरायची. मी जागा देऊ केली, तर मानेनंच नाही म्हणाली.

अकोल्यात तिनं सीट चाचपून पाहिली. एकही दाणा सांडला नव्हता.

"आता कोन नाही म्हन्ते, पायतो," म्हणत ती झाडं कडेवर घेऊन उतरली.