न गेलेले तीन बल्ब

दिव्यांच्या त्या दुकानात बल्ब मागितला की बल्ब मिळत नसे, आधी प्रश्न मिळत. कुठे लावायचा? शेड कापडाची की काचेची? दिव्याचा डबा बंद की उघडा? मोरीत वाफ धरते का? आतल्या बाजूला कमाल किती वॅट लिहिलंय ते बघितलंत का? लोक वैतागून म्हणायचे, "बाई, बल्ब हवाय, सोयरीक नाही जुळवायची." पाठीमागे त्या दुकानवालीला सगळे चौकशीबाईच म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं. पण बंद काचेच्या गोळ्यात भलताच बल्ब कोंबला की आतलं होल्डर कसं करपून निघतं, हे तिने सव्वीस वर्षांत इतक्यांदा बघितलं होतं, की तोंड गप्प बसत नसे.

आताशा मात्र तोंडही थकलं होतं. दिवसभर उभं राहून पाय संध्याकाळी भाकरीसारखे फुगत. नवरा घरी पाठ धरून पडलेला, त्याचं औषधपाणी करून दुकान, दुकान करून पुन्हा तेच. प्रश्न विचारायचे ते आता जीव नसल्यासारखे विचारायची, आणि ओळखीचं गिऱ्हाईक असलं तर तेही नाही.

ओळखीतली सगळ्यात जुनी म्हणजे शिवणमावशी. तीन जिने चढून एका खोलीत लेकासुनेजवळ राहणारी, पासष्टीची, अख्ख्या आळीचे गणवेश आणि पडदे शिवणारी. शिलाई मशीनवरचा तिचा दिवा चौकशीबाईनेच दिलेला. कापडी शेड, चाळीस वॅटच्या वर जायचं नाही, असं तेव्हा दहादा बजावून.

त्या दिवशी चार वाजता मावशी आली. पिशवीतून चिंधीत गुंडाळलेला जुना बल्ब काढून तिने काउंटरवर ठेवला.

"गेला बघ. शंभरचा दे."

"कुठला गेला?"

"मोरीतला गं. किती चौकशा करतेस, पोलिसात होतीस का मागल्या जन्मी?"

चौकशीबाई हसली नाही, कारण हसायलाही ताकद लागते. शंभरचा बल्ब काढायला ती वळली, आणि वळता वळता हाताने सवयीने जुना बल्ब काउंटरवरच्या तपासणीच्या होल्डरमध्ये बसवला. खटका दाबला.

बल्ब लखकन पेटला.

चौकशीबाईने खटका दोनदा चालू-बंद करून पाहिला.

"मावशी, हा तर धडधाकट आहे."

"असेल. मोरीत नाही लागत."

चौकशीबाईने काउंटरखालचं जुन्या बल्बांचं खोकं ओढलं. मावशीचे ओळखायला कष्ट नव्हते, चिंध्यांत गुंडाळून आणायची सवय दुसऱ्या कुणाला होती! स्वयंपाकघरातला म्हणून आणलेला चाळीसचा. गॅलरीतला म्हणून आणलेला साठचा. तिने एकेक लावून बघितला. दोन्ही पेटले. आणि होल्डरमधला आजचा होता पंच्याहत्तरचा. त्या दोन्ही वेळा तिने मावशीच्या शब्दावर नवा बल्ब दिला होता आणि जुना न तपासता खोक्यात टाकला होता. प्रत्येक वेळी आधीच्याहून मोठा, आणि तोच पुढच्या वेळी गेला म्हणून परत आलेला.

"हे सगळे मशीनवरच्या दिव्यातले ना?"

मावशीचा चेहरा पडला, मग लगेच चढला. "तुला द्यायचा नसेल तर नको देऊस. कोपऱ्यावर न विचारता मिळतो." पिशवी झटकून ती चालती झाली.

चौकशीबाई स्टुलावर बसली. मावशीची खोली तिला माहीत होती. दिव्याखाली कापडाचा ढीग, वर कापडी शेड. जाऊ दे, म्हातारीचं म्हातारी बघेल, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. पण दिवाही तिने दिलेला आणि तीन बल्बही तिनेच. मग तिने एक नऊ वॅटचा एलईडी, एक नवं होल्डर आणि पेचकस पिशवीत टाकला आणि भर धंद्याच्या वेळी शटर खाली ओढलं.

तीन जिने चढताना तिने सगळ्या बल्ब कंपन्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

दार उघडंच होतं. वास आधी आला, इस्त्री कापडावर विसरल्यासारखा. कोपऱ्यावरून आणलेला शंभरचा बल्ब भक्क जळत होता. शेडच्या आत, वरच्या बाजूला तळहाताएवढा तपकिरी डाग पडला होता. मावशी मशीनवर इतकी वाकली होती की नाक कापडाला लागत होतं.

चौकशीबाईने आधी बटण बंद केलं, मग प्लग काढला.

"अगं, काय चाललंय?"

"पंखा घालते त्याला. थांबा, निवू दे."

बल्ब निवल्यावर तिने तो फिरवून काढला. होल्डरची कड बिस्किटासारखी चुरून तिच्या हातात आली. तिने तो चुरा मावशीच्या तळहातावर ठेवला. मावशीने तो मशीनच्या कडेला ठेवला. करपलेली शेड उतरवून चौकशीबाईने बाजूला ठेवली, नवं होल्डर बसवलं, त्यात नऊचा लावला.

"नऊ? एवढासा?"

"वॅट म्हणजे तो खातो किती, मावशी. उजेड किती देतो ते वेगळं लिहितात. हा साठाएवढा देतो आणि असा तापत नाही. पण चेहऱ्यापासून जरा लांब ठेवा, उघडा आहे."

"पांढराफटक आहे. दवाखान्यासारखा."

"दोऱ्याचा रंग तरी खरा दिसेल."

दिवा तिने उजवीकडून डावीकडे सरकवला, म्हणजे शिवणाऱ्या हाताची सावली सुईवर पडणार नाही. टेबल लख्ख उजळलं. एकेक टाका मोजावा असं.

"आता ओवा बघू."

मावशीने दोरा ओला केला, टोक पिळलं, सुईकडे नेलं. दोरा सुईच्या बाजूने गेला. पुन्हा नेला. पुन्हा बाजूने. चौथ्या वेळी तिचा हात थांबला.

खाली कुणीतरी बादली आपटली. सून कामावरून सहाला यायची.

"उजव्याला धुकं आहे," मावशी हळूच म्हणाली. "वर्ष झालं. मला वाटलं, उजेड कमी पडतोय."

"वाटलं नव्हतं तुम्हाला तसं."

"नव्हतं," मावशीने कबूल केलं. "सूनबाईला कळलं तर म्हणेल, आता बसा, लई शिवलंत. वाईट नाही गं ती, मायेनंच म्हणेल. पण मशीन उचललं की मी करू काय? भिंतीकडे बघत बसू?"

स्वतःच्या पायांचं तरी चौकशीबाईने कुणाला सांगितलं होतं!

"मोतीबिंदू असेल," ती म्हणाली. "दुसरंही काही असेल, मला कळत नाही. उद्या सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ. दोघी."

"दुकान?"

"बंद. माणसं एक दिवस अंधारात बसतील."

"आणि सून?"

"तिला तुम्हीच सांगायचं. आजच. ते करपलेलं होल्डर दाखवा, म्हणजे फार बोलावं लागणार नाही."

मावशीने कडेचा चुरा गोळा करून करपलेल्या होल्डरजवळ ठेवला. मग तिने सुई-दोरा पुढे केला. "एवढा बाह्यांचा जोड उद्या द्यायचाय. ओवून तरी जा."

चौकशीबाईने सुई घेतली. हात लांब करून धरली, मग आणखी लांब. पहिल्यांदा दोरा हुकला. दुसऱ्यांदाही.

"तुझंही वय झालं की," मावशी म्हणाली.

"गप्प बसा." तिसऱ्या वेळी दोरा गेला.

निघताना तिने शंभरचा बल्ब पिशवीत टाकायला घेतला, तेवढ्यात मावशीने तो काढून घेतला, ढिगातली एक चिंधी निवडली आणि नीट गुंडाळून दिला.

"आठला खाली उभी राहते," मावशी म्हणाली. "जिने चढून नको येऊस, पाय बघ कसे सुजलेत."

चौकशीबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली.