मागे कोण बसलं होतं?

तारमास्तरांच्या तोंडावर किळस कायमची मुक्कामाला होती. कुणाच्या मोटरसायकलची सीट उचलली आणि आत काळ्या चिकटपट्टीचं भेंडोळं दिसलं, की आंबलेल्या भांड्याचं झाकण निघाल्यासारखे ते मान फिरवायचे.

"हे कुणी केलं?"

गिऱ्हाईक दुसऱ्याच कुणाचं तरी नाव सांगायचं.

"त्याला आधी हात धुवायला सांगा," मास्तर म्हणायचे आणि कामाला लागायचे.

त्यांनी आयुष्यभर फक्त वायरिंग केलं. इंजिन उघडलं नाही, पंक्चर काढलं नाही. पेट्रोल पंपाच्या भिंतीला टेकून पत्र्याचं दुकान. आत एक बाक, एक मीटर, आणि दोन तारांना जोडलेला एक छोटा बल्ब. या बल्बवर त्यांचा मीटरपेक्षा जास्त विश्वास होता. वर पाटी नव्हती. पाटी नसल्यामुळे फक्त कंटाळलेली माणसं यायची, चार ठिकाणी फिरून आलेली.

"कायमचा बिघाड म्हणजे सज्जन माणूस," मास्तर सांगायचे. "विचारलं की उत्तर देतो. येतो-जातो तो बिघाड म्हणजे घरात धिंगाणा घालणारं पोर. पाहुणे आले की हाताची घडी घालून बसतं. मी म्हणजे पाहुणा."

बायको म्हणायची, "तुमचं तोंड बघून गिऱ्हाईक पळून जाईल एखाद दिवशी."

"जाऊ दे. गाडी ठेवून जातंय ना?"

असाच एक तरुण दोनदा येऊन गेला होता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. भांग सरळ, शर्ट खोचलेला, बोलणं अर्धवट.

"चालता चालता बंद पडते."

"कधी? तापल्यावर? वळताना? खड्ड्यात?"

"तसं काही नाही. कधीही."

मास्तरांनी चावीचा स्विच तपासला. हँडल डावीकडे-उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवून पाहिलं. प्रत्येक जोड हलवला, ओढला, वाकवला. मग पुलापर्यंत चार फेऱ्या मारल्या. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी दोन दिवस ठेवून घेतली. घरी नेली, आणली. काही नाही. तेव्हा ते मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "गाडीत दोष नाही. हवं तर लिहून देतो."

कारकून मान डोलावून गेला.

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, एक तरुण बाई चालत दुकानात आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बोटांवर पांढरी भुकटी तशीच होती.

"तारमास्तर तुम्हीच ना?"

"बोला ताई. गाडी कुठाय?"

"घरी. मला एकच विचारायचंय." तिने कारकुनाचं नाव घेतलं नाही, गाडीचा नंबर सांगितला. "त्या गाडीत दोष नाही, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो. पैजेवर म्हणालो."

"मग दोष माझ्यात आहे."

मास्तरांच्या हातातली पक्कड थांबली.

ती रडली नाही. हिशोब सांगावा तसं सांगत गेली. लग्नाला आठ महिने झाले. ती मागे बसली की गाडी बंद पडते. ती उतरली की एका किकमध्ये चालू. नवरा एकटा गेला की कुरकुर नाही.

"सासूबाई म्हणतात, पांढऱ्या पायाची आहे. आधी हसत म्हणायच्या. तुमच्याकडून गाडी आल्यापासून हसत नाहीत. मास्तरांनी दोनदा तपासली, गाडी निर्दोष आहे, असं जिन्यातल्या प्रत्येकाला सांगून झालंय. उद्या मला आईकडे पोचवणार आहेत. बॅग त्यांनीच भरली."

"किती दिवसांसाठी?"

"ते कुणी सांगत नाही."

मास्तर बाकावर बसले. चार फेऱ्या, दोन दिवस. सगळे एकट्याने. ऊन विचारलं, वळण विचारलं, खड्डा विचारला. मागे कोण बसलं होतं, हे विचारलं नाही. दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडत तीस वर्षं गेली होती. आता मुरडायला स्वतःचंच काम समोर होतं. सवयीने ते म्हणणार होते, हे कुणी केलं? म्हणाले नाहीत.

त्यांनी पिशवी उचलली. "चला."

गिऱ्हाइकाच्या दारात ते त्यापूर्वी कधी गेले नव्हते.

इमारतीच्या अंगणात, जिन्याखाली, गाडी उभी होती. वर तीन मजले गॅलऱ्या. पहिल्या मजल्यावर सासूबाई कपडे वाळत घालत होत्या.

"अगंबाई, मास्तर! आणि ही कुठे भेटली तुम्हाला? मी म्हटलं, गेली की काय आजच!"

"खाली या जरा वहिनी. मुलालाही आणा."

कारकून बनियनवरच खाली आला. मास्तरांनी त्याला गाडी चालू करायला लावली. अंगणात एक फेरी मारली त्याने. फाटकाजवळ गटाराची लोखंडी जाळी होती, तिच्यावरून दोनदा गेला. इंजिन एका लयीत.

"आता ताई, तुम्ही बसा."

ती बसली. जाळीवर चाक दणकलं आणि गाडी विझली.

"बघा!" सासूबाई टाळी वाजवायच्या बेतात होत्या. "आता तरी डोळ्यांनी बघा!"

"बघितलं. उतरा ताई. मार रे किक."

एका किकमध्ये चालू.

"बघा, बघा! मी काय उगीच बोलते?"

"वहिनी, आता तुम्ही बसा."

"मी? मी कशाला? माझे गुडघे..."

"तुमच्या पायाला तर काही रंग नाही ना? मग भीती कसली?"

दुसऱ्या मजल्यावरून कुणी ओरडलं, "बसा हो काकू! आम्ही आहोत धरायला!"

सासूबाई बसल्या. एका हाताने मुलाचा खांदा, दुसऱ्या हाताने कॅरिअर. जाळीवर चाक दणकलं. गाडी विझली.

मग वरून आवाज आला, "काकू, पाय बघा बरं, पांढरे पडले का?" कुणीतरी हसलं आणि हसण्याचा खोकला केला.

"आई, उतर," कारकून म्हणाला.

मास्तरांनी सीट काढली. जाड, नवीकोरी.

"ही कधी बसवली?"

"लग्नाच्या आठवड्यात. दोघांना ऐसपैस होईल म्हणून."

मास्तरांनी बोटाने दाखवलं. सीटवाल्याने तारांचा जुडगा बाजूला घ्यायचं सोडून फ्रेमवर मधोमध आणून ठेवला होता. त्यावरच सीटची लोखंडी कड टेकत होती. पुढे एकटा माणूस बसला की कड वर राहायची. मागे वजन आलं, वर दणका बसला, की कड एका तारेला चावायची. आठ महिने चावून तिळाएवढं तांबं उघडं पडलं होतं.

"चावी फिरवल्यावर इंजिन बंद करते ना, ती ही तार. तिचं तांबं फ्रेमला टेकलं की इंजिनला वाटतं, मालकाने चावी काढली. माणूस उतरला की कड सुटते. गाडी पुन्हा शहाणी."

"म्हणजे सीटवाल्याचं काम," सासूबाई म्हणाल्या. "मी तरी काय म्हणत होते? काहीतरी आहे, एवढंच."

मास्तरांनी मान फिरवली. ते कारकुनाकडे वळले. राहिलेला प्रश्न आता विचारला.

"आठ महिन्यांत मागे दुसरं कुणीच बसलं नाही?"

कारकून आरसा सरळ करू लागला. आरसा सरळच होता.

"बसलं... एकदा-दोनदा. ऑफिसातला एक जण."

"मग?"

"बंद पडली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आणि घरी?"

त्याने आईकडे पाहिलं, मग खाली. "आईचं एकदा ठरलं की... कशाला वाद घालायचा. म्हटलं, आपोआप मिटेल."

तीस वर्षांत मास्तरांनी पुष्कळ सडलेल्या तारा पाहिल्या होत्या. बुरशी धरलेल्या, उंदरांनी खाल्लेल्या, चिकटपट्टीत कुजलेल्या. इतकं नीट भांग पाडलेलं काही पाहिलं नव्हतं.

"तोंडाला चिकटपट्टी लावून हिंडत होतास की," ते म्हणाले.

त्याची बायको जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती वर गेली.

मास्तरांनी तार कापली, डाग देऊन जोडली, वरून नळी चढवली आणि जुडगा कडेला बांधला. चिकटपट्टीला हात लावला नाही. सीट बसवून होईपर्यंत ती खाली आली. हातात बॅग होती.

"अगं, आता बॅग कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "झाली ना गाडी!"

"हो. झाली."

"मग बस गं," कारकून म्हणाला. "निदान सोडतो तरी."

"मी चालत जाईन."

"असं काय करतेस? सापडला ना दोष?"

"सापडला," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "काका, बरं झालं विचारलंत."

ती जाळीवरून गेली. जाळी तेवढी खडखडली.

चार दिवसांत पंपावर बातमी आली, की तारमास्तरांनी गाडी जोडली आणि घर मोडलं. बायकोने ऐकवलं, "सांगितल्या होत्या कुणी नसत्या उठाठेवी?" मग चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, "नीट पोचली का हो ती?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "विचारलं नाही." आणि स्वतःवरच तोंड वाकडं केलं. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी ते चष्म्याच्या दुकानासमोरून मुद्दाम गेले. ती आत होती, काच दिव्यासमोर धरून बघत होती. ते तसेच पुढे गेले.

तेव्हापासून दुकानात पहिला प्रश्न एकच. मागे कोण बसलं होतं? गिऱ्हाइकं चिडायची. "अहो, हॉर्न वाजत नाही, त्याचा मागच्याशी काय संबंध?" मास्तर उत्तर मिळेपर्यंत पक्कड उचलत नसत. आणि गाडीत दोष नाही, असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. "मला सापडला नाही," म्हणायचे.

तीन महिन्यांनी कारकून आला. हॉर्न खरोखरच वाजत नव्हता.

"मागे कोण बसतं?"

"आई बसते," तो म्हणाला. जरा घुटमळला. "ती अजून आईकडेच आहे, म्हणजे तिच्या. तिथूनच कामावर जाते, बसने. मास्तर, तुम्ही एकदा बोलाल का तिच्याशी? गाडी आता एकदम ठीक आहे, असं तुमच्या तोंडून ऐकलं तर येईल ती."

मास्तरांनी वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता.

"माझ्या तोंडून तिने एकदा ऐकलंय," मास्तर म्हणाले.

त्यांनी हॉर्नची तार जोडली. हॉर्न वाजला. मग साबण घेऊन ते पंपाच्या नळावर गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा.