काळ्या सनईचे दात

माझं बोळकं बघून लोकांना वाटतं, म्हातारपणानं दात गेले. बाकीचे गेले असतील. पुढचे दोन गेले नाहीत, काढले. ऐन पंचविशीत काढले, आणि काढायला लावणारा कुणी वैरी नव्हता, माझे सख्खे वडील होते. अजून तो दिवस आठवला की दातखीळ बसते. आता बसायला दातच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आम्ही दिवेआगरचे गुरव. देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायची, हे आमच्या घराचं काम. मी मात्र मुंबईला पळालो. आधी लग्नाच्या बँडात शिरलो, मग सर्कशीच्या, आणि शेवटी एका थेटरात. सिनेमा तेव्हा मुका होता. पडद्याखालच्या खड्ड्यात आम्ही वाजवणारे बसायचो, वर घोडा धावला की खाली आमची बोटं धावायची. माझं वाद्य क्लॅरिनेट. गावात हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी ‘काळी सनई’ करून टाकलं. बाबाही तेच म्हणायचे. म्हणेनात का, मी म्हटलं, कौतुकानं तर म्हणतात. पुढचं सगळं रामायण त्या दोन शब्दांनी केलं.

कारण ती सनई नव्हे. सनईची पत्ती, म्हणजे फुंकायची पातळ जीभ, नुसत्या ओठांत धरतात. बाबांच्या तोंडात औषधाला दात नव्हता, तरी ते वाजवायला बसले की वाडीतली बायामाणसं पोफळी शिंपायची थांबायची. क्लॅरिनेटला पत्ती खालून असते, ती खालच्या ओठावर घ्यायची आणि वरून पुढचे दोन दात घट्ट टेकवायचे. माझ्या वाद्याच्या तोंडावर त्या दातांच्या दोन खाचा पडल्या होत्या. दात हलला की सूर हलला.

त्या वर्षी शिमग्याला घरी निघालो, तेव्हा आमच्या थेटराच्या बँडमास्तरांनी मला थांबवलं. मास्तर गोव्याचे, तोंडावर कधी हसू नाही. म्हणाले, पहिला क्लॅरिनेटवाला नोकरी सोडून चाललाय, परत आलास की त्याची खुर्ची तुझी. पहिली खुर्ची म्हणजे एकट्यानं वाजवायच्या सगळ्या जागा आपल्या. त्या खुर्चीसाठी मी इतकी वर्षं दुसऱ्याच्या मागून फुंकत आलो होतो. आगबोटीत बसलो तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि बोटीवरच वरच्या पुढच्या दोनांतला एक दात ठणकायला लागला. घरी पोचेस्तोवर गाल टम्म फुगला, ताप चढला. लवंग झाली, लेप झाले. मी मनाशी ठरवलं होतं की ताप उतरला की मुंबईला जाऊन दातांच्या डॉक्टरला दाखवायचं. पण हे कुणाला सांगायला तोंड उघडत होतं कुठे?

तापाच्या ग्लानीतून शुद्धीवर आलो तो ओटीवर, बाबांच्या मांडीवर डोकं. समोर गावचा न्हावी, हातात पक्कड. गावचे दात तोच काढायचा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात हलवून नको नको करत राहिलो. बाबांनी माझं डोकं आणखी घट्ट धरलं आणि न्हाव्याला म्हणाले की हा लहानपणापासून भित्राच हाय, तू काढ. डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक गेला. मी रक्त गिळत मनाशी म्हटलं, असू दे, एक राहिलाय, त्यावर निभावू. तेवढ्यात बाबांनी बोट घालून शेजारचा हलवून बघितला.

“ह्यो पण हलतोय. पोराला पुन्हा तरास नको. ह्यो पण काढ.”

मायेनं म्हणाले हो! तेच तर अजून पचत नाही.

मी उठून बसलो आणि कोपऱ्यातल्या क्लॅरिनेटच्या पेटीकडे बोट दाखवून रडायला लागलो. बाबा हसले. वाजवायला दात कशाला लागतात, म्हणाले, माझ्याकडं बघ, आणि आपलं रिकामं तोंड उघडून दाखवलं. मग मात्र माझं टाळकं सटकलं. पेटी उघडली, वाद्य काढलं आणि त्यांचा अंगठा धरून त्या दोन खाचांवर ठेवला. त्यांनी नखानं एक खाच चाचपली, दुसरी चाचपली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. माणूस बसल्या जागी पांढराफटक पडला. त्या संध्याकाळी देवळात सनई वाजली नाही. मला आठवतं तेव्हापासून असं पहिल्यांदा झालं.

गावाला काय, आयती करमणूक. चणे आले तर दात गेले म्हणे. मी घराबाहेरच पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदक ओरडल्यासारखा आवाज आला. ओटीवर बाबा, दोन्ही ओठ आत दुमडून माझं क्लॅरिनेट तोंडात धरलेलं. आयुष्यात कधी तोंडाला न लावलेलं वाद्य. ओरडणं थांबलं, आणि एकच सूर निघाला, लांब, सरळ. मी थक्क होऊन बघत राहिलो.

“वरचा ओठ पण आत घे. दाताचं काम ओठाला दे,” ते म्हणाले. माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तसं शिकलो. ओठ आतून सोलून निघायचा, जेवताना मीठ लागलं की डोळ्यांत पाणी. मुंबईला उशिरानंच पोचलो. मास्तरांनी वाजवून घेतलं, आणि सूर बारीक झालाय पण खरा आहे, म्हणाले. खुर्ची दिली, पण ओठ टिकेल तोवरच, असं बजावून.

पुढच्या शिमग्याला घरी आलो. संध्याकाळी देवळाकडे गेलो तर बाबा आत नव्हते, बाहेर पायरीवर बसून वाजवत होते. सनईला दोऱ्यानं जादा पत्त्या लटकवलेल्या असतात ना, त्यांत काहीतरी पांढरं हलत होतं. जवळ जाऊन पाहिलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. माझे दोन दात. मुळाशी दोरा गुंडाळून बांधलेले.

मी ओरडलो की हे काय वेड, सोडा ते आधी. ते शांतपणे म्हणाले, तोंडाशी सनई नेली की डोळ्यांसमोर यायला हवेत. दात म्हणजे अमंगळ, ते देवासमोर कसे न्यायचे? म्हणून बाहेर बसतो. वर्षभर बाहेरच बसत होते. पावसातसुद्धा.

“मग आत कधी जाणार?” मी विचारलं.

“तुझा ओठ बरा झाला की सांग.”

वाजवणाऱ्याचा ओठ बरा कसा होणार? बरा व्हायचा तर खुर्ची सोडायला हवी. मी म्हटलं, झाला बरा, कधीचाच झाला.

त्यांनी मला जवळ ओढलं, अंगठ्यानं माझा वरचा ओठ उलटून आतलं सोललेलं पाहिलं, आणि तिथेच पायरीवर सनई पुन्हा तोंडाला लावली.