तव्यावरचे चार प्लग

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, अंगात येणं, लिंबू-मिरची यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या पिकअपला पुढं लिंबू बांधायला आलेल्या चुलत सासूबाईंना मी तोंडावर म्हटलं होतं, "द्या इकडं, सरबत करते." असला माझा स्वभाव... त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण माझी लेक प्रणाली आत्ता समोर बसून माझ्या फोनची बॅटरी संपवतीये. धडधाकट आहे, नाकावर राग आहे. ती आज अशी समोर का बसलीये, याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. म्हणून लिहितीये.

आम्ही बारामती-इंदापूर रस्त्याला, इंदापूरच्या अलीकडं दहा-बारा किलोमीटरवर वस्तीला राहतो. तीन एकर पेरू आहे. नवरा साखर कारखान्यात पाळीनं कामाला, म्हणून पेरू मार्केटला मीच नेते. हो, पिकअप मी चालवते, आणि रस्त्यात बघून हसणाऱ्यांना ओव्हरटेकही करते! जाताना प्रणालीला इंदापुरात कॉलेजला सोडायचं, हा रोजचा नेम. घरात चौथे आमचे सासरे, आबा. ऐंशीच्या घरात आहेत, गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे.

गेल्या जानेवारीत गाडीनं छळायला सुरुवात केली. गाडी सीएनजीची. पेट्रोलवर सुरू होते आणि मग गॅसवर जाते. दुपारी इंजिन तापलेलं असलं की एका चावीत सुरू, पण सकाळी नुसतं खर्र... खर्र... खर्र. बॅटरी नवी होती. एअर फिल्टर झटकला, पेट्रोल जास्त टाकून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या. शेवटी इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढले, तर चारी काळेकुट्ट, तव्याच्या बुडासारखी काजळी धरलेली. दिवाळीत मीच एका दुकानातून आणले होते. दुकानदार म्हणाला, आटे एकच आहेत, बसतील. बसले की! बसायला काय जातंय.

बारामतीच्या हनुमंत मिस्त्रींना फोन लावला. आमच्या गाडीचं सगळं तेच बघतात. म्हणाले, "वहिनी, काळं पडल्यात म्हंजी तुमच्या गाडीला थंड प्लग बसलाय. गरम प्लग टाका." तेवढ्यात त्यांच्या मागं कुणीतरी ओरडलं आणि फोन कट.

आता 'गरम प्लग टाका' याचा अर्थ तुम्ही काय घेतला असता? दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेतला, चारी प्लग काढले, अंगणातल्या चुलीवर तवा ठेवला आणि त्यावर प्लग चांगले खरपूस गरम केले. फडक्यात धरून पळत गेले, बसवले, चावी मारली. एका झटक्यात सुरू! मला तर इंजिनिअर झाल्यासारखं वाटलं.

आठ दिवस हाच कार्यक्रम चालला. आबा येईल त्याला सांगायचे, "आमची सून आधी प्लग भाजती, मग भाकरी. प्लग करपत न्हाईत, एवढं बरं हाय."

नवव्या दिवशी खतासाठी बारामतीला गेले आणि मिस्त्रींना फुशारकीनं हे सांगितलं. ते जे हसायला लागले ते थेट टायरवर बसले. "अवो वहिनी, गरम प्लग ही जात असती जात! दुकानात नंबर बघून घ्यायचा. गरम प्लग आपल्या टोकाची उष्णता धरून ठेवतो, म्हंजी काजळी आपोआप जळती. थंडा लगेच निवतो, मग काजळी साठती. तुमी तव्यावर टाकून नुसता ओलावा उडवत हुता." शिवाय गॅसच्या गाडीला प्लगमधली फट जरा कमी ठेवावी लागते, तीही माझी जास्त निघाली. योग्य नंबरचे प्लग संध्याकाळी येणार होते, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी येऊन बसवतो म्हणाले. तोवर त्यांनी माझा पाना काढून घेतला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. न्हाईतर उद्या फोडणी द्याल तुमी प्लगला."

घरी येऊन गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली. थंडी म्हणून बोनेटवर गोणपाट टाकलं आणि दोन्ही दारं घट्ट लावून घेतली. मला दोन दिवस अशी सर्दी होती की लसणाच्या फोडणीचासुद्धा वास येत नव्हता. प्रणालीला म्हटलं, "उद्या पाना नाही. तू लवकर येऊन गाडीत बस. मी चावी मारत राहते, दहा वेळा, वीस वेळा, कधीतरी लागेलच."

सकाळी सातला उठले, उजाडलं होतं. अंघोळीचं पाणी तापवायला अंगणातल्या चुलीकडं गेले... आणि चुलीवर तवा होता. तव्यावर चार प्लग. एका रांगेत, टोकं एका बाजूला.

आधी मला रागच आला. कुणाला सुचली ही चेष्टा? एक प्लग उचलला आणि "आई गं!" म्हणून टाकून दिला. गरम होता. चुलीत हात घातला तर राख थंडगार, कालची. सरपणाला हात लागलेला नाही. तवा कोमट आणि प्लग मात्र हात भाजेल इतके गरम.

"आबा!" मी ओरडले. "प्लग कशाला काढले तुमी?"

"मी?" आबा बाजेवरूनच म्हणाले. "मंगल, अगं मला चप्पल घालायला माणूस लागतं, मी प्लग कशाला काढू?"

नवऱ्याला फोन केला. तो अजून कारखान्यातच होता, रात्रपाळीला. म्हणाला, "पाना मिस्त्रीकडं हाय म्हणतीस, मग प्लग निघलंच कसं?" खरंच की. आमच्या गाडीचे प्लग खोल विहिरीत बसल्यासारखे असतात, त्या लांब पान्याशिवाय निघत नाहीत.

तरी बघायचं म्हणून तणतणत शेडकडं गेले. एकच दार उघडलं, गोणपाट ओढलं, बोनेट उचललं. चारी भोकं रिकामी! वायरी अशा बाजूला काढून ठेवलेल्या, एकीला ओरखडासुद्धा नाही. मी वाकून बघतीये तेवढ्यात मागून प्रणाली आली, दप्तर घेऊन, गाडीत बसायला.

दारातच थांबली. "आई... वास कसला येतोय?"

मला कसलाच वास येत नव्हता. पण तिचा चेहरा बघितला आणि मग ऐकू आलं. बारीक आवाज, सुस्स... कुणीतरी दातातून श्वास सोडावा तसा. गॅस!

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. टाकीचा कॉक बंद केला. पोरीचा दंड धरला आणि तिला अक्षरशः फरफटत पेरूच्या बागेपर्यंत नेलं. मग परत जाऊन लांबूनच काठीनं दुसरं दार ढकललं. आबा बाजेवर उठून बसले होते, "काय झालं, काय झालं" करत. त्यांना धरून बागेत आणलं आणि पोरीचा दंड पुन्हा धरला. मी मातीत बसले. प्रणाली म्हणत होती, "आई, दंड सोड, दुखतोय." मी सोडलाच नाही.

फोन केल्यावर मिस्त्री नऊलाच आले. गॅसच्या नळीचा एक नट हादऱ्यानं ढिला झाला होता. रात्रभर गॅस हळूहळू निघून बंद शेडमध्ये पत्र्याखाली साठला होता. त्यांनी नट आवळला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, आणि बंद शेडात एक ठिणगी पुरली असती म्हणाले.

"वहिनी, तुमी आज चावी मारत बसणार हुता न्हवं?"

"व्हय."

"आणि पोरगी शेजारी?"

मी मान हलवली.

मग त्यांनी नवे प्लग बसवायला पिशवीतून पाना काढला. माझाच पाना. रात्रभर त्यांच्या कुलूपबंद गॅरेजमध्ये होता, किल्ली त्यांच्या कमरेला. "मग ह्ये काढलं कुणी?" असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही तिघंही आबांकडं बघायला लागलो. आबा चिडले. "माझ्याकडं काय बघताय रं? माझं गुडघं बघा!"

मी गप्प बसणारी नाही. वस्तीवरच्या चारी घरी जाऊन विचारलं. तसला पाना कुणाकडं नाही. आमचं कुत्रं रात्री एकदाही भुंकलं नाही, आणि ते पानावर पान पडलं तरी भुंकतं. मीच झोपेत काढले म्हणावं, तर कशानं? बोटानं? आणि थंड चुलीवर गरम कसे राहिले? मिस्त्री म्हणाले, प्लग पाच-दहा मिनिटांत निवतो. म्हणजे मी उठायच्या पाच-दहा मिनिटं आधी अंगणात कुणीतरी होतं. एक गोष्ट मात्र नक्की, जो कोणी होता, त्यालाही 'गरम प्लग'चा अर्थ माझ्यासारखाच कळला होता. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते हसले, पण टायरवर बसून नाही.

त्या दिवशी प्रणालीला कॉलेजला पाठवलं नाही. दिवसभर समोर बसवून ठेवली, दोनदा जेवायला घातलं. ती पार वैतागली. पेरू तसेच राहिले, राहू देत. मला तर सारखं रडू येत होतं आणि सारखं हसूही येत होतं, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

संध्याकाळी माझ्या मनात आलं, आपल्याकडं कुणी येऊन काम करून गेला तर त्याला बिनचहाचं कोण पाठवतं? नांगरट करणारा असो, लाईनमन असो, "चहा घेऊनच जा" म्हणतोच आपण. मग इकडंतिकडं बघितलं आणि एक कप चहा शेडच्या उंबऱ्यावर ठेवला. मी! सरबत करणारी बाई! आबांनी बघितलं. मला वाटलं, आता गावभर करतील. ते एवढंच म्हणाले, "बशी पण दे गं. कडत असंल."

तुम्हाला वाटेल, सकाळी कप रिकामा होता. नव्हता. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली, सायीत दोन मुंग्या. कुणीही प्यायला नव्हतं. ज्याला कारण सापडेल त्यानं खुशाल सांगावं, मी ऐकून घेईन, भांडणार नाही. वर्ष होत आलं, मला काही सापडलेलं नाही.

कप उचलला प्रणालीनं. "आई, हे काय खूळ? शिकलेली बाई तू, लोक काय म्हणतील, एवढं दूध वाया..." चहा ओतून दिला, कप विसळला, दप्तर टाकून गाडीत बसली आणि इंदापूर येईपर्यंत मला बोलत राहिली. एरवी मी एक वाक्य ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी गाडी मुद्दाम चाळीसच्या वर नेली नाही. म्हटलं, बोल बाई, बोल.