गिरीजच्या इनासची आठ गाणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, धंदा बसला म्हणून मी कॅसेटचं दुकान मोडून मोबाइलचं टाकलं. वाटू दे.

गिरीज गावचा इनास केळीच्या वाडीत राहायचा, गिटारवर स्वतःची गाणी म्हणायचा — म्हणायचा कसला, कानाशी बोलायचा. घरच्या बोलीत. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची रिकामी खाट, आईच्या हाताला येणारा कांद्याच्या पातीचा वास, असलं काहीबाही. मी हातगाडीवर कॅसेटी विकून वर आलेला. आवाज मोठा असेल तरच खपतो, एवढंच मला ठाऊक. तरी त्याची आठ गाणी मीच टेप केली, त्याच्या ओटीवर. मागे पाण्याचा पंप ऐकू येतो.

मग मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस गाठला. दोन तास घासाघीस करून त्याला वळवला — मागे ढोलकी, कीबोर्ड टाकायचं ठरलं. इनास शेजारीच बसला होता. हळूच म्हणाला, "ढोलकी घातली की ही माझी राहत नाहीत, भाऊ."

कंपनीचा माणूस हसला, उठलाच. "शेठ, आधी आपल्या गाणाऱ्याला तरी विचारायचं."

त्या हसण्याचा राग मला अजून आहे. पण तो इनासवर का काढावा?

कॅसेट एकच होती, माझ्याकडे. कुणी पुसू नये म्हणून इनासनं तिच्या मागचे दोन प्लास्टिकचे तुकडे स्वतः मोडले होते. मग त्या खाचांवर चिकटपट्टी लावल्याशिवाय तिच्यावर दुसरं काही टेप होत नाही. मी लावली. रागाच्या भरात? नाही हो. पट्टी दुकानात नव्हती, नाक्यावरून आणली. जाताना वेळ होता, येतानाही होता. दोन्ही बाजूंना एका लग्नाचा बँड भरला. इनासला सांगितलं, बुरशी लागली.

"पावसाळ्यात होतंच," तो म्हणाला. माझा चेहरा उतरलेला पाहून दुसऱ्या दिवशी केळ्यांची फणी घेऊन आला. पुन्हा टेप करू, असं मी म्हणालो नाही. वर्षभरात त्यानं गिटार भाच्याला देऊन टाकली.

बँड टेपच्या आधी संपला. शेवटी इनासची दीड ओळ उरली आहे, आणि पंप. दुपारी शटर अर्धं ओढून मी एकटाच ऐकतो.

परवा तो रिचार्जला आला. कॅसेट समोरच्याच खणात होती. मी नंबर विचारला. रिचार्ज करून दिला.